मूठभर नमुना

कापसाच्या गाडीसमोर उभा राहिलेला व्यापारी काय करतो, हे यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या घरांना सांगावे लागत नाही. तो गाडीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढतो, बोटांनी तंतू ओढून त्याची लांबी पाहतो आणि भाव बोलतो. सगळी गाडी उपसून पाहण्याइतका वेळ त्याच्याजवळ नसतो. मात्र वरचा थर कोरडा आणि खालचा ओला निघाला, तर त्या गाडीवाल्याच्या पुढच्या खेपेकडे तो संशयानेच पाहतो. अमेरिकेतील महाविद्यालयाचा व्हॉलीबॉल प्रशिक्षक परदेशातील मुलीचा व्हिडिओ नेमका याच नजरेने पाहतो. त्याच्या दृष्टीने तो नमुना असतो, जाहिरात नव्हे.

हा विषय येथे मांडण्याचे कारण आहे. आपल्या मुली शाळेत उत्तम खेळतात, जिल्हा आणि विभागीय स्पर्धांपर्यंत जातात आणि बारावीच्या वर्षी बुटांसकट खेळ माळ्यावर टाकला जातो. त्याच घरांतील काही मुलांना पुढे परदेशी शिक्षणासाठी पाठवताना बँकेचे कर्ज काढले जाते. खेळ त्या शुल्काचा काही भार उचलू शकतो, ही शक्यता हिशेबात धरलीच जात नाही.

अमेरिकाच का, याचे उत्तर इतिहासात आहे. हा खेळ 1895 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील होल्योक येथे विल्यम मॉर्गन यांनी शोधला. 1972 च्या ‘टायटल नाईन’ या कायद्याने तेथील शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेदभाव करण्यास मनाई केली आणि महाविद्यालयांना मुलींच्या खेळांसाठी तरतूद करणे भाग पडले. 30 ऑगस्ट 2023 रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा सामना पाहण्यास 92,003 प्रेक्षक जमले होते! महाविद्यालयीन क्रीडा संघटना एनसीएए हिच्या पहिल्या विभागातच मुलींचे तीनशेहून अधिक संघ आहेत. मुलांचे त्या मानाने फार थोडे. पहिल्या व दुसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती मिळू शकते. तिसऱ्या विभागात ती नसते. परंतु गुणवत्तेवर किंवा आर्थिक गरजेवर अनेक महाविद्यालये साहाय्य देतात. आपल्या अभ्यासू मुलींनी या तिसऱ्या विभागाकडे कमी लेखून पाहू नये, असे मला वाटते.

आपल्याकडची रीत निराळी आहे. येथे क्रीडा कोट्यातील प्रवेश प्रमाणपत्रांवर आणि प्रत्यक्ष चाचणीवर ठरतो. शासकीय नोकरीतील 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठीही प्रमाणपत्रांचीच पडताळणी होते. म्हणून ती कागदपत्रे जपावीतच. परंतु विभागीय स्पर्धेचे प्रमाणपत्र ओहायोतील प्रशिक्षकाला फारसे काही सांगत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू 1936 मध्ये भारतीय खेळ दाखवण्यासाठी बर्लिनला गेला, तेव्हा समुद्र ओलांडून स्वतः जाण्याखेरीज मार्ग नव्हता. आज पहिली भेट मोबाईल घडवतो.

तो मोबाईल कोठे ठेवावा, येथेच बहुतेक पालक फसतात. हौसेने ते जाळ्याजवळ उभे राहून केवळ आपल्या मुलीवर कॅमेरा रोखतात. स्मॅश भव्य दिसतो, पण समोरचा ब्लॉक कोठे होता, चेंडू कोठे पडला, काहीच कळत नाही. कॅमेरा मैदानाच्या मागच्या रेषेपलीकडे, मध्यभागी, आठदहा फूट उंचीवर आणि आडवा असावा. दोन्ही बाजूंचे मैदान आणि सर्व खेळाडू चौकटीत आले पाहिजेत. जिल्ह्यात बंदिस्त सभागृहे मोजकीच, बहुतेक खेळ मातीच्या मैदानावर. तेव्हा शाळेचा पहिला मजला, पाण्याच्या टाकीचा चौथरा, अगदी उभ्या केलेल्या टेम्पोचा हौदाही चालतो. हात थरथरतो, म्हणून तिपाई हवीच. चित्रण सकाळी करावे आणि सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी राहील अशी बाजू निवडावी. धुळीच्या पार्श्वभूमीवर मातकट रंगाचा गणवेश हरवतो. गडद रंग आणि मोठा क्रमांक बरा.

जाळ्याची उंची हा आणखी एक नाजूक मुद्दा. महिलांसाठी ती 2.24 मीटर असते. लहान वयोगटाच्या सामन्यात ती कमी ठेवली असेल, तर व्हिडिओत तसे स्पष्ट लिहावे. टेप लावून मोजतानाचे दहा सेकंद जोडले, तर फारच चांगले. मुलीची उंची, उभ्याने हात पोहोचतो ती उंची आणि धावत येऊन उडी मारल्यावर पोहोचते ती उंची भिंतीवर खडूने खूण करून मोजावी आणि फूट-इंचांतही द्यावी. दोन इंच वाढवून सांगण्याचा मोह होतो. तेथे पहिल्याच दिवशी पुन्हा मोजतात.

निवडक खेळाचा व्हिडिओ तीन ते पाच मिनिटांचा पुरे. बँकेत कर्जप्रस्ताव वाचताना पहिल्या पानावर जे नसेल ते पुढे शोधण्याइतका धीर आम्हाला क्वचितच असे, प्रशिक्षकाचेही तसेच. म्हणून सर्वांत बोलके चारपाच प्रसंग आरंभी यावेत. नाव, वर्ग, बारावीचे वर्ष, खेळण्याची जागा आणि शाळेतील प्रशिक्षकांचा संपर्क एवढे पाच-सात सेकंद दिसावे. घरचा पत्ता नको. प्रत्येक प्रसंगाआधी क्षणभर बाणाने मुलगी दाखवावी. गाणे लावू नये, संथ गतीची करामत करू नये. प्रसंग सर्व्हिसपासून गुण सुटेपर्यंत सलग ठेवावा, कारण प्रशिक्षकाला चेंडू नसतानाची हालचालही पाहायची असते. सेटरचे पाय चेंडूखाली वेळेत पोहोचतात का, मागे खेळणारी लिबेरो वेगवान सर्व्हिस नेमकी कोठे उचलून देते, चूक झाल्यावर मुलगी सहकाऱ्यांकडे कशी पाहते, हे सगळे तो टिपतो. स्मॅशच स्मॅश भरलेल्या व्हिडिओत यातले काहीच नसते.

याच्या जोडीला एका संपूर्ण सेटचे, न कापलेले चित्रण असलेच पाहिजे. माझ्या मते सर्व खटाटोपात हेच अधिक मोलाचे. गाडीत कोपरापर्यंत घातलेला हात तो हाच. त्यात दोन सर्व्हिस जाळ्यात गेल्या तरी बिघडत नाही.

वेळेचेही गणित आहे. एनसीएएच्या नियमाप्रमाणे पहिल्या विभागातील प्रशिक्षक दहावीच्या वर्षानंतर येणाऱ्या 15 जूनपूर्वी प्रवेशासंबंधी पत्रव्यवहार करू शकत नाही. मुलीने आधी पत्र पाठवण्यास हरकत नाही, पण उत्तर आले नाही म्हणजे नकार मिळाला असे समजू नये. पत्र मुलीनेच लिहावे, वडिलांनी नव्हे. नववीपासूनच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका लागतात. आपल्याकडे दहावी-बारावीच्या जपतात आणि नववी-अकरावीच्या रद्दीत जातात. हौशी खेळाडू म्हणून पात्रताही तपासली जाते. विदर्भातील रोख बक्षिसांच्या स्पर्धेत मिळालेली रक्कम आणि झालेला खर्च यांची नोंद तारीखवार ठेवावी. वही लिहिणे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मोठी रक्कम घेऊन ‘हमखास शिष्यवृत्ती’ सांगणारे मध्यस्थ भेटतात. निवड प्रशिक्षक करतो, प्रवेश महाविद्यालय देते आणि पात्रता एनसीएए ठरवते; हमी देण्याचा अधिकार मध्यस्थाकडे उरतच नाही. विभागीय स्पर्धा आणि तेथील पहिला विभाग यांत अंतर मोठे आहे, हेही घरात मोकळेपणी बोलावे. मुलीने त्या महाविद्यालयांचे सामने आधी इंटरनेटवर पाहावेत आणि आपली जागा आपणच जोखावी. मग वीसपंचवीस महाविद्यालयांची यादी तिन्ही विभागांतून करावी.

उत्तर आलेच, तर जमीकंद वर्ज्य असल्याचे आणि सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम असेल तर तोही पहिल्या संभाषणातच सांगावा. सामने बहुधा संध्याकाळी असतात आणि प्रवासात संघाचे जेवण एकत्र होते. सोय काय होईल, हे प्रशिक्षकाकडून लेखी घ्यावे.