मूळ संहितेपासून ऑपरेटिंग सिस्टीमची बांधणी : सेरेनिटी-ओएसच्या निमित्ताने

बीजसंज्ञा : ऑपरेटिंग सिस्टीम, सोर्स कोड, क्रॉस-कंपायलर, कर्नल, संगणकशास्त्राचे अध्यापन.

प्रस्तावना :

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात 'ऑपरेटिंग सिस्टीम' हा विषय अटळ मानला जातो. प्रोसेस, पेजिंग, डेडलॉक यांच्या व्याख्या विद्यार्थी पाठ करतो, शेड्युलिंगची उदाहरणेही अचूक सोडवितो. मात्र ज्या प्रणालीविषयी तो लिहितो तिची एकही फाइल त्याने बहुधा उघडून पाहिलेली नसते. ही उणीव दूर करण्याचा एक मार्ग म्हणजे छंद म्हणून लिहिली गेलेली एखादी लहान ऑपरेटिंग सिस्टीम तिच्या सोर्स कोडपासून, म्हणजेच मूळ आज्ञासंहितेपासून, स्वतः बांधून चालविणे. ही बांधणी कोणत्या क्रमाने होते आणि त्या क्रमातून काय शिकता येते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :

संहिता वाचून ऑपरेटिंग सिस्टीम शिकविण्याची परंपरा जुनी आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर विद्यार्थ्यांसाठी भाष्य तयार केले, ते १९७६ च्या सुमारास. सातव्या आवृत्तीच्या परवान्याने मात्र वर्गात संहिता शिकविण्यास अटकाव केला आणि अनेक ठिकाणी हा विषय पुन्हा केवळ सिद्धांतावर आला. या कोंडीतून वाट काढण्यासाठी अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये अध्यापनासाठी 'मिनिक्स' ही प्रणाली लिहिली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने मिनिक्स चालणाऱ्या संगणकावरच लिनक्सचा आरंभ केला, तोही छंद म्हणून. संहिता विद्यार्थ्याच्या हाती असणे वा नसणे ही केवळ सोयीची बाब नाही, हे या इतिहासावरून लक्षात येते.

सेरेनिटी-ओएस ही याच परंपरेतील अलीकडची प्रणाली होय. स्वीडनचे आंद्रेआस क्लिंग यांनी ती ऑक्टोबर २०१८ मध्ये लिहावयास घेतली. व्यसनमुक्तीच्या उपचारानंतर हाती आलेला वेळ सत्कारणी लागावा म्हणून हे काम सुरू केल्याचे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. पुढे जगभरातील अनेक प्रोग्रामर या कामात सहभागी झाले. जून २०२४ मध्ये क्लिंग या प्रकल्पातून बाजूला झाले आणि त्यातूनच निघालेल्या 'लेडीबर्ड' या ब्राउझरकडे वळले. युनिक्सच्या धर्तीची, मुख्यतः सी++ भाषेत लिहिलेली ही प्रणाली आपले कर्नल, सी लायब्ररी, खिडक्यांची व्यवस्था असे बहुतेक सर्व भाग स्वतःच घडविते. तिची तयार डिस्क मात्र प्रकल्पाकडून दिली जात नाही. ज्याला ती पाहावयाची असेल त्याने ती बांधावी, अशी भूमिका त्यामागे आहे. अध्यापकाच्या दृष्टीने हा गैरसोयीचा नव्हे, तर उपयोगाचा भाग आहे.

बांधणीचे टप्पे :

बांधणीसाठी लिनक्स चालणारा संगणक पुरतो. संहिता उतरवून घेतल्यावर एका आज्ञेने सर्व कामे क्रमाने पार पडतात. तथापि, त्या एका आज्ञेमागील टप्पे समजून घेणे आवश्यक आहे.

पहिला टप्पा ऑपरेटिंग सिस्टीमचा नसून कंपायलरचा असतो. आपल्या लिनक्स संगणकावरील कंपायलर हा लिनक्ससाठीच प्रोग्राम तयार करतो. त्याने गृहीत धरलेली सी लायब्ररी आणि सिस्टीम कॉल लिनक्सचे असतात. नव्या प्रणालीत यांपैकी काहीच नसते. म्हणून एका प्रणालीवर चालणारा, पण दुसऱ्या प्रणालीसाठी प्रोग्राम घडविणारा 'क्रॉस-कंपायलर' आधी बांधावा लागतो. येथे कोंबडी आधी की अंडे आधी, असा पेच उभा राहतो. कंपायलरसोबतच्या सी++ लायब्ररीला नव्या प्रणालीच्या सी लायब्ररीची माहिती हवी असते, आणि ती सी लायब्ररी तयार करावयास कंपायलर हवा असतो. यावर उपाय म्हणजे सी लायब्ररीची केवळ हेडर फाइली, म्हणजे तिच्या फंक्शनची घोषणापत्रे, आधी ठरलेल्या जागी ठेवणे. घोषणा आधी व अंमलबजावणी नंतर, या तत्त्वाने पेच सुटतो.

दुसऱ्या टप्प्यात कर्नल, लायब्ऱ्या आणि उपयोजने यांचे संकलन व जोडणी होते. कर्नलला नेहमीच्या सी लायब्ररीचा आधार नसतो, कारण त्या लायब्ररीला सेवा पुरविणारा कर्नल तो स्वतःच असतो.

तिसऱ्या टप्प्यात तयार फाइली एका डिस्क-प्रतिमेत, म्हणजे संपूर्ण डिस्कचे रूप असलेल्या एकाच फाइलीत, रचल्या जातात.

चौथ्या टप्प्यात क्यूईएमयू हा अनुकारी प्रोग्राम संगणकाचे सोंग घेऊन ती डिस्क चालवितो. कर्नल स्मृतीची मांडणी करतो, इंटरप्ट सुरू करतो, फाइल सिस्टीम जोडतो आणि 'सिस्टीमसर्व्हर' हा पहिला प्रोग्राम चालवितो. तो इतरांना जागे करतो आणि पडद्यावर खिडक्या दिसू लागतात.

चुकांचे शैक्षणिक मूल्य :

पहिल्याच प्रयत्नात बांधणी यशस्वी होईल असे नाही. परंतु चूक कोठे झाली यावरून थर ओळखता येतो. हेडर फाइल सापडली नाही, तर अडचण संकलनाच्या आरंभी आहे. नावाची व्याख्या सापडली नाही असे लिंकरने सांगितले, तर संकलन पार पडले असून जोडणी अडली आहे. प्रणाली सुरू होऊन मध्येच थांबली, तर दोष बहुधा कर्नलमध्ये वा त्याला मिळालेल्या डिस्कमध्ये शोधावा लागतो. व्याख्येत एकाच ओळीत येणारे 'थर' हे येथे विद्यार्थ्याला वेगवेगळे भेटतात.

याहून सोपा प्रयोग म्हणजे कर्नलच्या आरंभीच्या संदेशातील एक ओळ बदलून पुन्हा बांधणी करणे. या वेळी काम अल्पावधीत पूर्ण होते, कारण बदललेली फाइल आणि तिच्यावर अवलंबून असलेले भाग एवढेच पुन्हा तयार केले जातात. परावलंबनाचा आलेख ही संकल्पना समजावण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

मर्यादा :

क्रॉस-कंपायलरच्या बांधणीस बराच वेळ, स्मृती व डिस्कवरील जागा लागते. जुन्या संगणकांच्या प्रयोगशाळेत ती जड जाईल. अशा ठिकाणी एमआयटीने २००६ मध्ये अध्यापनासाठी तयार केलेली 'एक्सव्ही६' ही छोटी प्रणाली अधिक योग्य ठरते. तसेच, स्वतः बांधले म्हणजे सर्व काही कळले, असेही नाही. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले की, संहिता निर्दोष असूनही कंपायलरच दूषित असेल, तर तयार होणारा प्रोग्राम दूषित निघू शकतो.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ऑपरेटिंग सिस्टीमची बांधणी हे सिद्धांताला पर्यायी नसून सिद्धांताचे प्रत्यक्ष रूप आहे. अध्यापकाने सत्राच्या आरंभी कंपायलर एकदाच बांधून ठेवावा. विद्यार्थ्याने पुढील टप्पे स्वतः पार पाडावेत, आणि प्रात्यक्षिक वहीत यशस्वी निकालाबरोबरच आलेली चूक, तिचा थर व तिचे निवारण नोंदवावे. मूल्यमापनात या नोंदींना गुण असावेत. संहिता आज सर्वांसाठी खुली आहे. ती वर्गात उघडण्याचे काम मात्र अध्यापकालाच करावे लागेल.