अपंगत्व आणि मागच्या जन्माचं कर्म : कारण कुठं शोधायचं?

आजचा विषय रेणापुरात मांडायचा ठरला, तेव्हाच आम्हाला कल्पना होती की हा विषय पुस्तकातला कमी आणि घरातला जास्त आहे. रेणुकादेवीच्या या गावात श्रद्धेबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं, आणि ते योग्यच आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगतो : पुनर्जन्म आहे की नाही, याचा निकाल आज आम्ही लावणार नाही. एका छोट्याशा वाक्याबद्दल आपल्याला बोलायचं आहे. ‘मागच्या जन्मी काहीतरी पाप केलं असंल बघा.’

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. मूल बोलत नाही, चालत नाही, डोळ्यानं दिसत नाही, की शेजारीण हळूच म्हणते. कुणी म्हणतं, सटवाईनं कपाळी लिहिलं ते कसं चुकंल. म्हणणारी माणसं दुष्ट नसतात, त्यांना बऱ्याचदा धीरच द्यायचा असतो. पण ज्या आईच्या मांडीवर ते मूल असतं, तिला ते वाक्य धीराचं वाटत नाही, निकालासारखं वाटतं.

आता ही समजूत आली कुठून? मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात एक यादीच आहे. सोनं चोरणाऱ्याची नखं खराब होतात, धान्य चोरणारा अंगहीन होतो, वाणी चोरणारा, म्हणजे चोरून विद्या घेणारा, मुका होतो, घोडा चोरणारा पांगळा होतो. म्हणजे माणसाचं शरीर पाहायचं आणि त्यावरून त्याचा गुन्हा ओळखायचा. त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात जन्मांध आणि बहिऱ्या माणसाला वडिलोपार्जित संपत्तीत वाटा नाकारलाय, फक्त अन्नवस्त्र द्यावं असं म्हटलंय. आधी दोष त्याचाच म्हणायचं आणि मग वाटाही द्यायचा नाही. ही समजूत नुसती मनात राहत नाही, ती जमिनीपर्यंत जाते. आज कायदा स्पष्ट आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं २८ वं कलम सांगतं की रोग, व्यंग किंवा विकृती यामुळं कुणाचाही वारसा हक्क जात नाही. तरीही ‘त्याला काय करायचीय जमीन, आम्ही सांभाळतोच की’ असं म्हणून सातबाऱ्यावरून भावाचं नाव कमी करायला सांगणारे लोक आजही भेटतात.

पण आपल्या परंपरेत एवढंच आहे का? नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात व्यंग असलेलं मूल का जन्मतं, याची कारणं दिली आहेत : बीजातला दोष, आत्म्याचं कर्म, गर्भाशयाचा दोष, काळ आणि आईचा आहार-विहार. कर्म आहे, पण पाचातलं एक म्हणून. बौद्ध परंपरेत संयुक्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, की जे काही सुखदुःख भोगावं लागतं ते सगळं पूर्वी केलेल्या कर्मामुळंच, हे म्हणणं खरं का? बुद्ध त्याला पित्त, कफ, वात, ऋतू, बाहेरून झालेला आघात अशी आठ कारणं सांगतात. कर्म त्या आठातलं एक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात, मागच्या जन्माचं कर्म आजची परिस्थिती ठरवतं ही कल्पनाच बुद्धाच्या शिकवणीशी विसंगत ठरवली.

मंडळी, आजच्या व्याख्यानातला मुद्दा हाच आहे. जुन्या वैद्यांनी आणि विचारवंतांनी कर्म हे अनेकांतलं एक कारण म्हणून ठेवलं होतं. बोलता बोलता आपण ते एकमेव कारण करून टाकलं. आणि एकच कारण मानलं, की बाकीची शोधायचं थांबतं.

एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ. लातूरच्या उत्तरेला आपण, दक्षिणेला किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली. त्या भूकंपात हजारो माणसं गेली आणि हजारो जखमी झाली. कुणाचा पाय गेला, कुणाचा मणका मोडला. तेव्हाही ‘कुठलं पाप भोवलं’ हा प्रश्न विचारला गेला. पण कोण दगावलं आणि कोण वाचलं ते बघा. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद अशा घरांत सर्वात जास्त माणसं गेली. कुडाच्या, गवती छपराच्या झोपड्यांत राहणारी गरीब माणसं त्या मानानं वाचली. कर्माचा हिशोब लावला तर उत्तर सापडत नाही, छपराचं वजन बघितलं तर सापडतं. आणि ते सापडलं म्हणून तर पुनर्वसनात घरं वेगळ्या पद्धतीनं बांधली गेली.

१९३४ च्या बिहार भूकंपानंतर हाच वाद झाला होता. गांधीजी म्हणाले, अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे. हेतू चांगला होता, पण रवींद्रनाथ टागोरांनी जाहीरपणे हरकत घेतली : निसर्गातल्या घटनेला नैतिक कारण चिकटवू नका. आणि हा फक्त आपल्याकडचाच प्रश्न आहे असंही नाही. १९९९ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक ग्लेन हॉडल यांनी अपंग माणसं मागच्या जन्माचं भोगतात अशा अर्थाचं विधान मुलाखतीत केलं, आणि काही दिवसांतच त्यांचं पद गेलं.

आता आपल्या घरात येऊ. कारणं खरी कुठं असतात?

पहिलं, ग्रहण. गरोदर बाईनं ग्रहणात भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो, असं म्हणतात. बाळाचा वरचा ओठ गरोदरपणाच्या सुरुवातीच्या सहा-सात आठवड्यांतच जुळतो, टाळू त्यानंतर थोड्याच आठवड्यांत. तेव्हा कित्येक बायांना दिवस गेल्याचं पक्कं कळलेलंही नसतं. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाचा आणि विळीचा त्याच्याशी संबंध कसा लागणार?

दुसरं, नात्यातली लग्नं. आपल्याकडं मामा-भाची, मामेबहीण-आतेभाऊ अशी लग्नं पूर्वीपासून होतात. प्रत्येकाच्या शरीरात काही सदोष जनुकं दडलेली असतात, जोडीतलं दुसरं चांगलं असल्यामुळं ती त्रास देत नाहीत. मामा-भाचीची सरासरी पाव जनुकं सारखी असतात, मामे-आते भावंडांची आठवा हिस्सा. त्यामुळं एकच दोष दोघांतही असण्याची शक्यता वाढते. तसं असलं, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. जन्मजात बहिरेपणाची कितीतरी उदाहरणं अशी घडतात. आणि लक्षात घ्या, यात निम्मा वाटा बापाचा असतो. बोल मात्र एकट्या सुनेला लागतो.

तिसरं, जन्माच्या वेळचं. बाळ उशिरा रडलं, मेंदूला प्राणवायू कमी पडला. किंवा कावीळ वाढत गेली आणि ‘उन्हात धरा, जाईल’ म्हणून वेळ गेला. वाढलेली कावीळ मेंदूपर्यंत पोचते, त्यातून सेरेब्रल पाल्सी होऊ शकते, बहिरेपण येऊ शकतं. वेळेवर निळ्या प्रकाशाखाली ठेवलं, तर बहुतेक बाळं सुखरूप घरी येतात.

कर्माचं वाक्य महाग पडतं ते इथंच. जन्मतः आत वळलेली पावलं पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर सुरू केलं तर बहुतेक वेळा सरळ होतात. ऐकू न येणाऱ्या मुलाला पहिल्या दोन-तीन वर्षांत श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट मिळालं, तर ते बोलायला शिकू शकतं. आठव्या-नवव्या वर्षी तेच यंत्र दिलं तर तेवढा उपयोग होत नाही, कारण मेंदूचं भाषा शिकण्याचं वय निघून गेलेलं असतं. ‘प्रारब्ध आहे, बघू’ म्हणण्यात गेलेली ती वर्षं कुठल्याच जन्मात परत मिळत नाहीत.

कुष्ठरोगाचं आठवा. शेकडो वर्षं त्याला पापाचं फळ म्हणत माणसं गावाबाहेर काढली. १८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सन यांना त्याचा जंतू दिसला. आज तो गोळ्यांनी बरा होतो. पाप धुतलं गेलं नाही, कारण सापडलं.

शेवटी इथल्या सभेत आलेला एक प्रश्न. ‘मग आम्ही कर्म मानायचंच सोडून द्यायचं का?’ आमचं उत्तर असं. स्वतःच्या दुःखाला अर्थ द्यायला कुणी कर्म मानत असेल, तर त्याच्या मनाच्या आधाराला आम्ही हात लावणार नाही. पण दुसऱ्याच्या मुलाकडं बोट दाखवून ते बोलू नका. आणि ज्याला मानायचं आहे, त्यानं चालू जन्माचं कर्म आधी बघावं : मुलाला तपासायला नेलं का, अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवलं का, प्रमाणपत्र काढलं का. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात आपलं मूल बसतं का, हे तरी विचारा.

आणि त्या आईला भेटलात तर, ‘काय पाप केलं होतं’ याऐवजी एवढंच म्हणा : ‘बाई, दवाखान्यात कधी जायचंय? मी येते संगट.’