बिंदूचें स्थलांतर

आलेखाच्या कागदावर बिंदु मांडण्यास तुम्ही शिकलां आहां. (५, २) म्हणतांच आरंभबिंदूपासून पांच घरें उजवीकडे व दोन घरें वर, हें तुम्हांस तत्काळ उमगतें. संख्या व आकृति यांची ही सांगड फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त यानें १६३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या भूमितिग्रंथांत घातली. आतां मांडलेला बिंदु हलवावा कसा, याचा आम्ही येथें विचार करणार आहों.

हलवितांना दोन गोष्टी सांगाव्या लागतात : किती व कोणत्या दिशेस. या दोन्ही ज्यांत सामावतात, त्यास सदिश म्हणतात. त्याचें इंग्रजी नांव 'व्हेक्टर' हें मूळचें लॅटिन असून त्याचा अर्थ 'वाहून नेणारा' असा आहे. सदिश (−६, २) म्हणजे सहा घरें डावीकडे व दोन घरें वर. तो बिंदूसारखाच लिहिला, तरी बिंदु 'कोठें' हें सांगतो, आणि सदिश 'कसें जावें' हें सांगतो. हा भेद ज्यानें ओळखिला, त्याची निम्मी अडचण सरली.

अ (१, १), ब (४, १), क (१, ५) हा त्रिकोण घ्या. त्याच्या बाजू ३, ४ व ५ आहेत. प्रत्येक शिरोबिंदूंत वरील सदिश मिळविला असतां ते अनुक्रमें (−५, ३), (−२, ३) व (−५, ७) येथें जातात. मोजून पाहा, बाजू ३, ४ व ५ याच राहिल्या. असें कां व्हावें? अंतर हें निर्देशकांच्या वजाबाकीवर अवलंबून असतें, आणि दोहोंत सारखेंच मिळविल्यास वजाबाकी बदलत नाहीं. दोन भावांच्या वयांतील अंतर कितीही वर्षें लोटलीं तरी तेंच राहतें, तसेंच हें. मात्र अ हलवून ब जागींच ठेविला, तर तीन घरांची बाजू नऊ घरांहून अधिक लांब होते व त्रिकोण बिघडतो. त्रिकोण पूर्वस्थळीं आणण्यास सदिश (६, −२) पुरे. संगणकाच्या पडद्यावरील चित्रही याच बेरजेनें सरकतें.

कित्येक विद्यार्थी 'मिळवा' एवढेंच पाठ करतात आणि ऋणचिन्ह दिसतांच गोंधळतात. त्यांनीं आधीं कागदावर बोट चालवून पाहावें. पालकांनींही पाल्यास केवळ उत्तर न विचारतां, तें कसें आलें हें विचारावें.

शेवटीं एक प्रश्न : (२, −३) हा बिंदु (−२, ३) या सदिशानें कोठें जाईल? उत्तराबरोबर त्याचें कारणही लिहा.