ओटीपी अब्बांच्या फोनवर

अंबड असो की भोकरदन, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरताना मुलगी अडते ती अभ्यासात नव्हे, ओटीपीत. आधारला जोडलेला फोन अब्बांच्या खिशात, आणि अब्बा जालन्याच्या स्टील कारखान्यात पाळीवर! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ सांगते : महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ६१.५ टक्के, स्त्रिया मात्र ३८. ग्रामीण भागात घरटी एकाला डिजिटल साक्षर करणारी केंद्राची योजना २०१७ मध्ये आली, २०२४ मध्ये संपली. घरातला एक शिकला असेल, तर बाकीच्यांना आता त्यानेच शिकवावे. मगरिबनंतर अर्धा तास फोन अम्मीच्या आणि मुलीच्या हाती द्या. अर्ज त्यांनाच भरू द्या. शक्य असेल तर मुलीच्या आधारला तिचाच नंबर जोडून घ्या. अर्जाची मुदत अब्बांच्या सुट्टीसाठी थांबत नाही.