रक्तपेशींचा वंश आणि मधुमेह

मधुमेह घराण्यातून येतो, असे आमच्या निपाणी-बेळगाव भागात वडीलधारी मंडळी नेहमी सांगतात. ते बरेचसे खरेही आहे. परंतु आईबापांकडून न आलेला, आयुष्यात मागाहून घडलेला एक जनुकीय बदलही या रोगाशी निगडित आढळतो. त्याचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

हाडांच्या पोकळीतील मज्जेत रक्ताच्या मूलपेशी असतात. त्यांच्यापासून दररोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी निर्माण होतात. पांढऱ्या पेशी निराळ्याच. प्रत्येक विभाजनाच्या वेळी जनुकांची नक्कल करावी लागते, आणि एवढ्या अवाढव्य खर्डेघाशीत एखादे अक्षर चुकतेच. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. पण 'टेट-२'सारख्या जनुकात चूक झाली, तर ती मूलपेशी सोबतिणींहून जोमाने वाढते व कालांतराने रक्तातील बऱ्याच पेशी तिच्या एकटीच्याच वंशाच्या होऊन बसतात. चाळिशीच्या आत हे विरळाच; सत्तरीनंतर मात्र सुमारे दहांतील एका व्यक्तीत आढळते.

२०१४ साली सिद्धार्थ जैस्वाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १७,१८२ व्यक्तींच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध केली. मधुमेही व्यक्तींत असे वंश काहीसे अधिक आढळले. हे नाते नुसत्या सोबतीचे की कारणाचे? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की 'टेट-२' गमावलेल्या पांढऱ्या पेशी चरबीत शिरून दाह माजवितात आणि मग इन्शुलिनचे काही चालेनासे होते. औषधाने तो दाह रोखताच फरक नाहीसा झाला. माणसाविषयी इतके ठाम बोलणे आम्हांस घाईचे वाटते.

तंबाखूच्या वखारींवर निपाणीतील कित्येकांची चूल पेटते, म्हणून पुढील गोष्ट लिहिताना आम्हांस संकोच होतो. धूम्रपान करणाऱ्यांत असे पेशीवंश, विशेषतः 'एएसएक्सएल-१' या जनुकात बदल झालेले, अधिक सापडतात. शिवाय धूम्रपानाने मधुमेहाचा धोका ३० ते ४० टक्क्यांनी वाढतो, तो वेगळाच.

तथापि आपल्याकडील मधुमेहाचे मोठे कारण चरबीतच शोधावे लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचे व आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे मोजमाप शेजारी-शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजन पाहता दोघांचा निर्देशांक सारखाच, २२.३, पण अंगातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांत २१.२ टक्के!