सेवकाचे पुढारपण (भाग ६) : डोक्यावर घेतलेले पायताण

मागच्या भागात आपण पैठणला, संत एकनाथांपाशी होतो. आज कोल्हापूर गाठायचे आहे, पण वाकडी वाट करून, कल्याणवरून. म्हणजे बाराव्या शतकातले कलचुरींचे कल्याण, आजचे बसवकल्याण.

तिथल्या राजा बिज्जळाच्या खजिन्याच्या किल्ल्या बसवण्णांकडे, म्हणजे महात्मा बसवेश्वरांकडे होत्या. परंपरा सांगते, एकदा हरळय्या नावाच्या चांभाराने त्यांना वाटेत 'शरणु' म्हटले. बसवण्णांनी उलट 'शरणु शरणार्थी' असा दुहेरी नमस्कार केला. हरळय्याला त्या जादा नमस्काराचे ओझे झाले. ते फेडायला त्याने आणि पत्नी कल्याणम्माने स्वतःच्या मांड्यांचे कातडे काढून पायताण शिवले. बसवण्णांनी ते पायात घातले नाही, डोक्यावर घेतले.

कथाच आहे ही. पण कोल्हापुरात ती ऐकताना अंगावर येते, कारण सुभाषनगर, जवाहरनगरात आजही चपलेवर घरे चालतात. पुरुष कातडे कापतात, तळ ठोकतात. वेणी बऱ्याचदा बायका घालतात. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये प्राडाने मिलानला तशाच चपला दाखवल्या, सुरुवातीला कोल्हापूरचे नावही न घेता. आपण चिडलो, आणि चिडायलाच हवे होते. मात्र ती चप्पल शिवणाऱ्याला आपण स्वतः दुकानात कसे बोलतो, हेही त्याच दमात विचारायला हवे होते.

रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकी गृहस्थाने १९७० मध्ये 'आधी सेवक, मग पुढारी' अशी मांडणी केली आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत ती गाजली. तिथे नम्रता हा स्वभावगुण म्हणून शिकवली जाते. बसवण्णांकडे मात्र तिची किंमत मोजावी लागते. अनुभवमंटप या त्यांच्या सभेतल्या शून्यसिंहासनावर, म्हणजे अध्यक्षपदावर, ते स्वतः बसले नाहीत, अल्लमप्रभूंना बसवले. पुढे हरळय्याच्या मुलाचे लग्न मधुवरस या ब्राह्मणाच्या मुलीशी लागले. बिज्जळाने दोन्ही बापांना देहदंड दिला. बसवण्णा पद सोडून कूडलसंगमला गेले.

आता कोल्हापूर. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः तिथे चहा घेऊ लागले, बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. शाहूंनी हे बसवण्णांकडून उचलले, असा माझा दावा नाही. पण दोघांची रीत एकच दिसते. नुसते वाकून ते थांबले नाहीत. समोरच्याची पत वाढवली आणि त्याबद्दलचा रोष अंगावर घेतला. महाराजांनी संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली, ती याच रीतीची पुढची पायरी.

हल्ली पुढारी हातात झाडू धरतात, फोटो निघतो, झाडू परत जातो. झाडूवाल्याचा पगार वेळेवर होतो का, ते फोटोत दिसत नाही. याला मी सेवा म्हणणार नाही.

पुढच्या आठवड्यात कुंभोजला जाऊ, भाऊराव पाटलांच्या गावी.