मोसमकाठचे मुल्हेर

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर सरहद्दीकडे, बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या खोऱ्यात मुल्हेर नावाचे गाव आहे. पाठीशी मुल्हेरचा किल्ला, त्याच्या दोन अंगांस मोरागड व हरगड, आणि पश्चिमेस १५६७ मीटर उंचीचा साल्हेर. गाव आज लहान असले तरी एके काळी ती राजधानी होती. बागुल राजांचे राज्य येथून चाले. नारायणशहाच्या दरबारी असलेल्या रुद्रकवीने त्या घराण्यावरील संस्कृत महाकाव्य १५९६ मध्ये पुरे केले. त्यात या स्थळास मयूरगिरी म्हटले आहे. १६३८ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत हे राज्य मोगलांकडे गेले, ते पुन्हा उभे राहिले नाही.

राज्य गेले, परंतु शेती राहिली. या प्रांतातील द्राक्षे व डाळिंबे यांची वाखाणणी अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत केली आहे. ती पिकविणारे पाणी कसे वाटले जाई, ही गोष्ट मात्र किल्ल्यांइतकी प्रसिद्ध नाही, आणि खरे पाहता ती किल्ल्यांहून अधिक कौतुकाची आहे.

मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाटाने पाणी काढावयाचे, ही येथील काही शतकांची वहिवाट. बंधाऱ्याखाली भिजणारी जमीन म्हणजे थळ. थळाचे तीन-चार फड पाडीत, आणि एका फडात एका हंगामी एकच पीक घेत. एकात ऊस, दुसऱ्यात गहू वा हरभरा, आणि पुढील साली त्यांची अदलाबदल. शेतकऱ्याची जमीन बहुधा प्रत्येक फडात थोडीथोडी असे. त्यामुळे पाऊस कमी झाला व एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी तोटा एकट्याच्या माथी बसत नसे. पीक एकच असल्याने पाण्याच्या पाळ्या सोप्या होत आणि शेजारच्या उसाचा ओलावा कोणाच्या हरभऱ्यास बाधत नसे. पाणी सोडण्यास पाटकरी, राखणीस जागल्या. त्यांचा मोबदला धान्यात. पाटातील गाळ काढण्यास मात्र सर्वांनीच जावयाचे, मग घर मोठे असो की धाकटे.

ही घडी विस्कटली ती विहिरी व विजेचे पंप आल्यावर. ज्याच्या विहिरीस पाणी, त्यास पाळीची वाट पाहण्याचे वा सर्वांचे पीक लावण्याचे कारण उरले नाही. कांदा व डाळिंब यांनी पैसा आणला, हे नाकारता येणार नाही. पण डाळिंबावर तेल्या रोग पडला तेव्हा ज्याच्या बागा उजाड झाल्या, तो आपले नुकसान एकटाच सोसत बसला. त्याआधीच वरच्या अंगास हरणबारीचे धरण झाले होते, आणि नदीस पाणी केव्हा यावे हे सरकारी आवर्तनावर ठरू लागले होते.

गाव एकत्र येते ते कोजागिरीस. उद्धव महाराजांच्या मंदिरात त्या रात्री फुलापानांनी सजविलेले मोठे रासचक्र चढविले जाते आणि पहाटेपर्यंत पदे गाइली जातात.

२०२५ च्या जुलैत साल्हेरचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. १६७२ च्या लढाईमुळे तो मान त्यास शोभतो. त्याच्या पायथ्याकडील खोऱ्यातले बंधारे कोणत्याही यादीत नाहीत. जेथे पाट अजून वाहता आहे, तेथे त्यातील गाळ काढावयास माणसे मिळविणे, हेच सध्या अवघड झाले आहे.